आधी वळण बघ, मग ग्रीस

अगं, परवा तुझा फोन ठेवला तेव्हापासून मनात तेच घोळतंय. गाडी चाळीसच्या आसपास गेली की डॅशबोर्डातून किर्र किर्र आवाज येतो, काटा तीस ते पन्नासच्या मध्ये नाचत राहतो, आणि मिस्त्री म्हणतो अख्खं मीटर बदला. तू जवळजवळ हो म्हणून बसली होतीस. एवढ्यात हो म्हणू नकोस. माझ्या मते तुझं मीटर ठणठणीत आहे. दुखणं केबलचं आहे, आणि तेसुद्धा ती जिथून वळते तिथलं असणार. हे नीट समजावून सांगायचं तर फोनवर जमत नाही, म्हणून बसून लिहितेय.

तुझी मारुती ८०० जुनी, कार्ब्युरेटरवाली. त्या गाडीत वेगाची खबर मीटरपर्यंत वायरमधून जात नाही, फिरणाऱ्या तारेतून जाते. गिअरबॉक्समध्ये एक बारकं प्लास्टिकचं दातेरी चाक असतं. गाडीची चाकं फिरतील त्या प्रमाणात ते फिरतं, आणि त्याच्या भोकात केबलच्या आतल्या तारेचं चौकोनी टोक बसवलेलं असतं. तिथून ही तार इंजिनाच्या मागून, लोखंडी पत्र्याच्या पडद्यातून आरपार जाऊन मीटरच्या पाठीला मिळते. परकराच्या नेफ्यात नाडी असते तशी ती बाहेरच्या कव्हरमध्ये असते. फक्त नाडी सरकते, आणि ही जागच्या जागी गरगर फिरते. जुन्या अमेरिकन गाड्यांत ताशी साठ मैलांच्या वेगाला ही तार मिनिटाला हजार फेरे घेई. आपल्या गाड्यांचा आकडा वेगळा असला तरी काम किती दमवणारं आहे याची कल्पना तुला त्यावरून येईल.

मीटरच्या पोटात तार एक चुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि त्या दोघांचा एकमेकांना स्पर्शही होत नाही. चुंबक फिरलं की वाटीत विजेचे भोवरे उठतात, त्यांच्या ओढीने वाटी चुंबकामागे वळायला बघते, आणि एक नाजूक स्प्रिंग तिला मागे खेचते. दोघांची ओढ जिथे सारखी होते तिथे काटा थांबतो. ओटो शुल्झे नावाच्या जर्मन माणसाने १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली तेव्हाही मीटरच्या पोटात हीच करामत होती. मला या रचनेचं फार कौतुक वाटतं. इतकी साधी आहे की तिचं काय बिघडलंय ते कान आणि बोटं वापरून कळतं.

आता काटा का नाचतो ते बघ. तार कव्हरमध्ये कुठेतरी अडली, की खालचं टोक फिरत राहतं आणि वरचं रेंगाळतं. मधल्या भागात पीळ भरत जातो. पीळ पुरेसा साठला की तो अडथळ्यावर मात करतो आणि वरचं टोक झटक्याने पुढे सुटतं. पुन्हा अडतं, पुन्हा सुटतं. तो प्रत्येक झटका चुंबकापर्यंत पोचतो म्हणून काटा नाचतो, आणि प्रत्येक झटक्याला तार कव्हरच्या आतल्या अंगावर आपटते म्हणून आवाज येतो. तुझ्याकडे दोन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या, त्यावरूनच मला केबलचा संशय आला. थंडीच्या सकाळी जास्त आणि गाडी तापली की कमी, असं होत असेल तर संशय आणखी पक्का. आतलं जुनं ग्रीस आटून घट्ट झालेलं असतं, ते थंडीत अजून जड होतं.

आधी एवढी खात्री करून घे. मोकळा, सपाट रस्ता बघ. चाळीसवर आवाज सुरू झाला की क्लच दाबून धर, गाडी आपल्या वेगाने जाऊ दे. इंजिनाचा आवाज लगेच खाली बसेल. किरकिर जर तशीच राहिली आणि गाडीचा वेग उतरेल तशी मंदावली, तर ती इंजिनातली नाही, फिरणाऱ्या चाकांशी जोडलेली आहे. चाकाचं बेअरिंगसुद्धा असंच वागतं, पण बेअरिंगचा आवाज घुमतो, खालून येतो, स्टिअरिंग जरा डावी-उजवीकडे वळवलं की बदलतो, आणि त्याने काटा नाचत नाही. पुढे केबल काढशील तेव्हा आतली तार बाहेर ठेवून गल्लीतून एक चक्कर मार. आवाज पूर्ण गेला तर प्रश्नच मिटला, दोष एक तर केबलमध्ये आहे किंवा मीटरमध्ये. मग त्या दोघांतून एक निवडणं सोपं आहे.

केबल काढायला मोठी तयारी लागत नाही. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा लावलेल्या, इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची निगेटिव्ह वायर दहाच्या पान्याने सोडव, कारण मीटरच्या मागे दिव्यांच्या वायरी आहेत आणि तिथे तुझा पाना किंवा अंगठी चिकटायला नको. हातातल्या बांगड्याही काढून ठेव. मीटरभोवतीचं प्लास्टिकचं कव्हर स्क्रूंनी धरलेलं असतं, ते काढून मीटर हलकेच थोडं पुढे घे. ओढू नकोस. पाठीमागे केबलचं तोंड लागेल. काही मॉडेलला क्लिप दाबून ते सुटतं, काहींना हाताने फिरवायची खाचेदार नट असते. मग बॉनेट उघडून गिअरबॉक्सकडचं टोक. त्यावर रबरी टोपी असते, ती वर सरकवली की खाली पकड दिसते. हात पोचत नसेल तर गाडी गॅरेजच्या रॅम्पवर घे, पण नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नकोस. ही गोष्ट मी तुला हात जोडून सांगतेय. घरी स्टँड नसतील तर खालचं काम पैसे देऊन करून घे.

खालचं टोक काढल्यावर पहिलं काम, तार बोटांनी चाचपून वास घे. तार कोरडी, तांबूस, गंजलेली असेल तर साधं दुखणं. पण ती काळ्या, उग्र वासाच्या तेलात भिजलेली निघाली तर ते गिअरबॉक्सचं ऑइल आहे. त्या दातेरी चाकाच्या दांड्याला जे छोटं ऑइल सील असतं ते गेलंय असा त्याचा अर्थ. फिरणाऱ्या तारेचे पेड तेल वर वर चढवतात, आणि ते एक दिवस मीटरच्या वाटीत पोचतं. मग काटा चिकटतो, आणि मीटर खरोखरच बदलायची पाळी येते. सील स्वस्त असतं. ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

आता तार बाहेर काढायची. काही केबलमध्ये ती एका टोकाने सरळ ओढली की निघते. काहींत दोन्ही टोकं दाबून बंद केलेली असतात. तशी असेल तर मारामारी करू नकोस, ती केबल अख्खीच बदलावी लागते. निघणारी असेल तर मात्र पुढची पंधरा मिनिटं सगळ्यात महत्त्वाची.

तार डिझेलमध्ये बुडव आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने घास. उघड्यावर कर, जवळपास गॅस, उदबत्ती काही पेटतं नको. घासल्यावर सुती फडक्याने नीट पूस आणि वाळू दे. मग तेच फडकं तारेभोवती धरून तार त्यातून हळू ओढ. तारेच्या पेडातली एखादी बारीक काडी तुटलेली असेल तर फडक्याचा धागा तिथे अडकतो. मोकळ्या बोटांनी हे करू नकोस, टोचते. एक जरी काडी सुटलेली निघाली तरी ती तार टाकून दे. ती कव्हरला आतून खरवडतच राहणार.

काडी नाही लागली तर तार काचेच्या किंवा फरशीच्या सपाट पृष्ठभागावर ठेवून तळहाताने लाटून बघ. चांगली तार शांतपणे घरंगळते. कुठे वाकलेली असेल तर तिथे उडी मारते. आणखी एक बघ. तार इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून दोन्ही हातांत दोन टोकं धर, आणि एक टोक चिमटीत हळू फिरव. दुसऱ्या चिमटीत ते तितक्याच संथपणे फिरायला हवं. फिरता फिरता अचानक टपकन उसळलं, की समज हाच तो झटका आहे जो तुझा काटा नाचवतो. तुझ्या हातात तो प्रत्यक्ष जाणवेल. हे एकदा बोटांना कळलं की कुणी मिस्त्री तुला काहीही सांगू दे, तू फसणार नाहीस. मला वाटतं तुला या कामाला बसवण्यामागे माझा खरा हेतू हाच आहे.

शेवटी दोन्ही टोकांचे चौकोन उजेडात धरून बघ. कोपरे धारदार हवेत. झिजून गोल झाले असतील तर तार मीटरमध्ये घसरत राहणार, आणि कितीही साफ केलीस तरी काटा मधूनच पडणार.

आणि आता वळण. मिस्त्री लोक केबल वाजली की काय करतात, तर मीटरकडचं तोंड काढून त्यात तेलाची पिचकारी मारतात. आवाज बंद होतो, आपण खूश होऊन पैसे देतो. आठ-पंधरा दिवसांत किरकिर परत. कारण तेलाने अडथळा गेलेला नसतो, तो फक्त निसरडा झालेला असतो. केबल जर कुठे फार आखूड वळली असेल, तर तार प्रत्येक फेऱ्याला तिथे कव्हरवर घासणारच. म्हणून तार बाहेर असतानाच बाहेरच्या कव्हरचा सगळा प्रवास डोळ्यांनी आणि हाताने तपास. कुठे चेपलंय का, प्लास्टिक वितळलंय का, सायलेन्सरच्या गरम पाइपाला टेकतंय का, पत्र्याच्या भोकातलं रबर जागेवर आहे का, की कव्हर पत्र्याच्या धारेवर घासतंय. तोंडातून मोकळी तार घालून बघ, ती कुठे अडते ते लगेच कळतं. वळण साधारण सहा इंच त्रिज्येपेक्षा आखूड नको. म्हणजे ते वळण पुरं करून गोल केलं तर मोठी परात त्यात बसायला हवी. मीटरच्या पाठीशी येताना तर शेवटचे काही इंच केबल सरळ आली पाहिजे. तिथे ती तिरकी शिरली की मीटरच्या दांड्यावर बाजूने जोर येतो आणि मीटर आतून झिजतं.

तू म्हणालीस, आवाज दिवाळीनंतर सुरू झाला. दिवाळीच्या आधी तू क्लच प्लेट बदलून घेतली होतीस, आठवतंय? त्या कामात गिअरबॉक्स खाली उतरवतात, आणि उतरवायचा तर ही केबल सोडवावीच लागते. परत लावताना घाईत ती कुठून गेली होती ते कुणी बघत नाही. क्लचच्या केबलखाली दाबली जाते, क्लिपमधून निसटते, इंजिनाच्या मागे गुंडाळी होऊन पडते. माझा अंदाज आहे की तुला नेमकं हेच सापडेल. केबल मोकळी करून तिला तिच्या जुन्या क्लिपांमधून मोठ्या, सैल वळणाने ने. क्लिप तुटली असेल तर प्लास्टिकचा टाय लाव, पण आवळू नकोस.

मग ग्रीस. पातळ लिथियम ग्रीस घे, ग्रॅफाइट मिसळलेलं मिळालं तर उत्तम. बोटावर थोडं घेऊन तारेवर नुसता हात फिरव, चकाकी येण्याइतकंच. मीटरकडची वरची वीतभर तार कोरडी ठेव. गाडी धावायला लागली की ग्रीस आपोआप वर सरकतं. जास्त लावलंस तर ते मीटरमध्ये शिरतं, त्याचं काय होतं ते वर सांगितलं. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस नको, आणि गंज सोडवायचा स्प्रे हे वंगण नाही, तो धुण्यापुरता.

बसवताना तार कव्हरमध्ये फिरवत फिरवत घाल. खालचा चौकोन त्या दातेरी चाकात बसला की किंचित खोल जातो, हाताला कळतं. त्यानंतर वरचं तोंड मीटरला लाव. चौकोन भोकात सहज गेला पाहिजे. नट किंवा क्लिप बसत नाही म्हणून जोर लावलास तर तार मीटरच्या दांड्याला आत ढकलत राहील. बसत नसेल तेव्हा बाहेर काढून अर्धा फेरा फिरव आणि परत घाल. नवी केबल असेल आणि तरीही बसत नसेल तर तिची लांबी चुकीची आहे.

नवी घ्यायची वेळ आली तर जुनी पिशवीत घालून ने. गाडीचं नाव आणि वर्ष सांगून भागत नाही, मॉडेलगणिक टोकं आणि लांबी बदलते. काउंटरवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवून आतल्या तारेची लांबी, चौकोनाची जाडी, तोंडाची पकड तिन्ही जुळतायत का ते बघ. तुमच्याकडे नाही मिळाली तर मला सांग, मी नाना पेठेतून आणून पाठवते. तिथे जुन्या गाड्यांचं अजून पुष्कळ मिळतं. नवी केबल घरी आल्यावर तिची तारसुद्धा एकदा बाहेर काढून बघायची. कित्येकदा ती कोरडी ठणठणीत असते.

एक गोष्ट मला तुझी काळजी म्हणून सांगायचीय. आवाज नकोसा होतो म्हणून केबल काढून ठेवून तशीच गाडी चालवणारे बरेच आहेत, आणि तुला कुणीतरी तोही सल्ला देईलच. ऐकू नकोस. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११७ वा नियम गाडीला चालू स्पीडोमीटर हवा म्हणून सांगतो, आणि तुझी गाडी पंधरा वर्षांच्या वर गेलेली, दर पाच वर्षांनी नोंदणी नव्याने करायला आरटीओत न्यायची आहे. पण त्याहून मला भीती आहे ती खंबाटकी घाटाची. तू रात्रीची एकटी मुलांना घेऊन साताऱ्याहून पुण्याला येतेस. उतारावर वेग किती वाढलाय ते आपल्या कानांना कळत नाही, जुन्या ओळखीच्या गाडीत तर मुळीच नाही. तिथे काटा हवा, आणि भरवशाचा हवा. शिवाय किलोमीटर थांबले की ऑइल कधी बदललं होतं, पेट्रोलला ॲव्हरेज किती पडतंय, सगळाच हिशेब बुडतो. हे काम होईपर्यंत रात्रीचा प्रवास नको. फारच अडलं तर मोबाइलवर वेग दाखवणारं ॲप चालू करून समोर लाव.

आणि गॅरेजमध्ये काम दिलंस तर लाजू नकोस. "तार बाहेर काढून मला दाखवा", "वळण कुठे आहे ते दाखवा", "जुनी केबल मला परत द्या", ही तीन वाक्यं शांत आवाजात म्हण. बाईमाणसाला गाडीतलं काय कळतंय अशा नजरेने बघणाऱ्यांची नजर पहिल्याच वाक्याला बदलते. चांगल्या मिस्त्रीला अशा प्रश्नांचा राग येत नाही, उलट तो हौसेने दाखवतो. ज्याला राग येतो त्याच्याकडे पुन्हा जायचं कारण नाही.

सगळं लावून झालं की बॅटरी जोड आणि आधी वीसने, मग चाळीसने, मग साठने गाडी चालवून बघ. शेजारी कुणाला तरी मोबाइलवरचा वेग वाचायला बसव. मीटर खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवतं, ते ठीक आहे. काटा एका जागी स्थिर राहायला हवा. वळण सरळ, तार चांगली, ग्रीस बेताचं, आणि तरीही मीटरमधून बारीक चिरचिर येत असेल, तर मग मीटरच्या आतला दांडा कोरडा पडलाय. जुन्या तारेचा वीतभर तुकडा मीटरच्या भोकात घालून चिमटीत फिरव. खरखर लागली तर मीटर काढून मीटर दुरुस्त करणाऱ्याकडे ने. तो उघडून दांड्याला घड्याळाच्या तेलाचा थेंब देतो, अख्खं मीटर बदलायची गरज तेव्हाही बहुधा पडत नाही. त्याच्याकडे देण्याआधी किलोमीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेव, आणि आकडा आहे तोच ठेवायचा असं त्याला आधीच स्पष्ट सांग.